छोटे मालक

बटणांच्या कारखान्यात साचे दुरुस्त करणाऱ्या फिटरचं आडनाव आणि मालकांचं आडनाव एकच. नातं म्हणाल तर काडीचं नाही. पण लोकांना कोण समजावणार? त्यांनी त्याला 'छोटे मालक' करून टाकलं. वॉचमन त्याला बघून खुर्चीतून उठायचा, कॅन्टीनवाला त्याचा चहा आधी भरायचा. लग्नसुद्धा म्हणे सासऱ्यांनी आडनाव ऐकूनच पक्कं केलं! त्यानंही कधी नाही म्हटलं नाही. फुकटचा मान कुणाला नको असतो?

त्याची सख्खी धाकटी बहीण तिथेच पॅकिंगला होती. लग्नात आडनाव बदललेलं, त्यामुळे तिला कुणी धाकट्या मालकीणबाई म्हटलं नाही.

निम्मी माणसं कमी करणार अशी कुणकुण लागली आणि बहिणीच्या तोंडचं पाणी पळालं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर.

"दादा, बोल ना रे मालकांशी. एवढं आडनाव मिरवतोस, एकदा तरी कामाला येऊ दे."

तो गेला. केबिनमध्ये हात जोडून उभा राहिला. मालक वाईट नव्हते, हीच तर पंचाईत. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"बहिणीला काढावंच लागेल, पॅकिंगला मशीन येतंय," ते म्हणाले. "आणि बरं झालं आलात, तुम्हालाही सांगायचंच होतं. तुमच्या हातात कसब आहे, नाही कोण म्हणतं? पण तुम्हाला ठेवलं तर बाकीचे बोंब मारतील, मालकानं घरचा माणूस ठेवला म्हणून. मला ते परवडायचं नाही. समजून घ्या."

"पण साहेब, आपलं काहीच नातं नाही!"

"मला माहीत आहे हो. खाली कुणाला पटणार?"

फिटर कसाबसा जिना उतरला. खाली सगळे वाटच बघत होते.

"काय छोटे मालक, काय ठरलं?"

"मलाही काढलं."

एकच हशा पिकला.

"घ्या! घरच्याला कुणी काढतं का? वर ऑफिसात बसवणार असतील!"

"अरे, शपथेवर सांगतो, ते माझे कुणी लागत नाहीत!"

"हो हो, आजपासून कुणी नाही!" कॅन्टीनवाल्यानं तर त्याचा हातच धरला. "आमचं तेवढं बघा हं, मालक." फिटरला अगदी रडू यायचं बाकी होतं.

बहीण तेवढी हसली नाही. तिला सगळं ठाऊक होतं. ती पायरीवर मटकन बसली.

"दादा," ती म्हणाली, "मग आता आपण कुणाकडे जायचं रे?"