जनुकांची मनधरणी

आमच्या मालकांचं, आकारामांचं, कोडोलीत लई नाव. लगनात कोण भावबंद रुसून उठला की ह्यांना बोलवायचं. फेटा हलका दिला, थोरल्याच्या आधी धाकट्याला पुकारलं, जेवाय उठवाय इसरलं, कारण कायबी असतंय. मालक जाणार, त्याच्या उंबऱ्यावर बसणार, त्यो मागंल ते कबूल करणार आन् हाताला धरून मांडवात आणणार. तीस वर्षांत एकदाबी रिकाम्या हातानं परत आलं न्हायत. ह्याच गुणानं मला रडकुंडीला आणलं.

ह्यांच्या आतड्यात गाठ निघाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात दुर्बीण घालून तुकडा काढला, तपासला. डॉक्टर प्रियदर्शनी मॅडमनी कागद समोर धरून सांगितलं, "काका, कॅन्सर आहे. निरोगी आतड्यात काही जनुकं पेशींना 'आता वाढू नका' असं सांगत असतात. तुमच्या गाठीत ती गप्प बसलीत. आणि 'वाढा, वाढा' म्हणणारी सारखी ओरडतायत. गाठ अजून पसरलेली नाही. गुरुवारी काढून टाकू, उशीर करू नका."

मी मनातल्या मनात जोतिबाला हात जोडलं. मालक म्हणालं, "गप्प बसल्यात व्हय? मंग रुसल्यात ती. कापाकापी कशाला? मी समजूत काढतो की!"

मॅडम हसल्या. मला हसू आलं न्हाय, मी ह्या माणसाला वळखते.

बुधवारी सकाळी जीपभरून भावकी आली. पुढं माझं चुलत दीर गणपतराव, हातात नारळ आन् फेटा. लॅबमधल्या संयोगितानं, बिचारी भली पोरगी, तुकड्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दाखवली. ह्यांनी सूक्ष्मदर्शकालाच फेटा बांधला!

"गप्प बसलंय त्याचं नाव काय?" मालकांनी इचारलं.

"एपीसी," संयोगिता म्हणाली.

गणपतराव उडालंच. "आनंदा पांडुरंग चौगुले! आरं, त्यो तर वाटणीपास्नं रुसलाय!"

झालं. सगळी भावकी काचंपुढं हात जोडून हुबी. "आनंदा, चुकलं आमचं, बोल बाबा." मालक ओरडणाऱ्या जनुकांनाबी दम देत हुतं, "खाली बसा रं, सगळ्यांचा मान हुईल."

मी म्हटलं, "उद्या गुरुवार हाय. आपरेशनच्या कागदावर सही करा."

"रुसलेला माणूस एका दिवसात येतोय व्हय? पंधरा दिवस तरी लागतात."

पंधरा दिवसात ती गाठ कुठवर जाईल, ह्या येड्याला कोण सांगणार? मी भांडले, रडले, शिव्या घातल्या. काय फरक न्हाय. मंग बाहेर बाकड्यावर जाऊन बसले, पदर वढला, भिंतीकडं तोंड केलं आन् बोलायचं बंद केलं.

बत्तीस वर्षांच्या संसारात मी कधी रुसले नव्हते. वेळ कुणाला हुता?

थोड्या वेळानं मालक आलं. "धोंडे, काय झालं?" मी गप्प. "साडी पायजे? पाटल्या करू?" मी गप्प. खाली बसलं, माझ्या पायाशी, अगदी उंबऱ्यावर बसल्यागत. "माग की काय ते."

मी संमतीचा कागद पुढं सरकवला.

मालक भावकीकडं बघाय लागलं. गणपतरावांनी मान खाली घातली. "आकाराम, मागंल ते द्यायचं. नियम तुझाच हाय." ह्यांनी सही केली.

गुरुवारी सकाळी आत न्हेताना माझ्याकडं वळून म्हणालं, "आता तरी बोल." मला बोलायचं हुतं वो! पर तोंड उघडलं असतं तर हंबरडाच फुटला असता, आन् त्यो ऐकून हे स्ट्रेचरवरनं उतरलं असतं. म्हणून दात आवळून बसले.

दार लागता लागता ह्यांचा आवाज आला, "मॅडम, जरा लवकर आवरा. बायको रुसलीया, तिची समजूत काढायची राहिलीया."