कफनकुमारीची पेटी

लोक रात्री टीव्हीसमोर पाय पोटाशी घेऊन जो कार्यक्रम बघत, त्याचं चित्रण सकाळच्या चहानंतर होत असे. धूर उडू नये म्हणून स्टुडिओतले पंखे बंद आणि दिवे मात्र सगळे चालू. त्या उकाड्यात प्लायवूडच्या शवपेटीतून काळा गाऊन, पांढराफटक चेहरा आणि दोन सुळे घेऊन जी बाई उठून बसे, ती कफनकुमारी. दोन नातवंडं झाली तरी ती कुमारीच राहिली होती. शेजारपाजारचेही तिला कुमारीताई म्हणत. खरं नाव घरच्यांखेरीज कुणाला आठवत नसे आणि तिलाही त्याची फारशी गरज पडत नसे.

तिची ख्याती होती ती श्वासाबद्दल. पेटीतून आधी टकटक ऐकू येई. दोनदा सावकाश, मग थांबून एकदा. तिसऱ्या टकटकीला पडद्याआडून दोर ओढला जाई आणि जड झाकण करकरत उघडे. कुमारी उठून बसे, पण बोलत नसे. आधी एक लांबलचक श्वास छातीत ओढून घेई, शंभर वर्षांतला पहिलाच असावा तसा, आणि मग हवा पुरत नसल्यासारखी एकेक शब्द सोडे. "आलात... अजून... जिवंत?" पुढे दाखवले जाणारे चित्रपट अगदी टाकाऊ असत. रबरी कोळी, पुठ्ठ्याचे किल्ले, दोरीसकट उडणारी वटवाघळं. चित्रपटासाठी कोणी बसत नव्हतंच. लोक श्वासासाठी बसत.

नकला पुष्कळांनी केल्या, पण तो श्वास कुणाला साधला नाही. मुलाखतीत कोणी विचारलं, की ती डोळे मिटून म्हणे, "साधना."

साधना नंतरची. सुरुवातीला झाला होता तो निव्वळ अपघात. पहिल्या भागात धुराचा टब पेटीच्या आत, तिच्या पायांशी ठेवला होता. ड्राय आइसचे तुकडे गरम पाण्यात टाकले की पांढरा धूर निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचत जातो आणि श्वासाच्या हवेला बाहेर ढकलतो. बंद पेटीत हे फार लवकर होतं. तिच्या कानांत घण बसू लागले, डोकं फुटायला आलं, तिनं कशीबशी, भराभर टकटक केली. झाकण उघडलं तेव्हा हवा गिळता गिळता जे तोंडून निघाले ते हेच तीन शब्द. स्टुडिओतल्या सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

दुसऱ्या दिवशी तिनं धूरमामांना गाठलं. धूर, दोर आणि पंख्यांची बटणं हा सगळा कारभार त्यांच्याकडे असे. ती त्यांना म्हणाली, टब पेटीच्या मागे ठेवत जा, आत गाऊन ओला होतो. खरं कारण सांगितलं असतं तर श्वासाची कला उरली नसती, नुसती गुदमरलेली बाई उरली असती. मग तिनं आरशासमोर बसून तोच श्वास पुन्हा पुन्हा घोटला. गाऊन ओला होतो, ही गोष्ट मात्र स्टुडिओत कायमची नियम होऊन बसली.

भाचीला तिनंच आणलं होतं. धाकट्या बहिणीची मुलगी, कॉलेज झालेलं, नोकरीचा पत्ता नाही. बहीण म्हणाली, "ताई, तुझ्या हाताखाली घे, काहीतरी शिकेल." पोरगी शिकली. आधी मावशीला पावडर लावायला, मग सुळे बसवायला, मग भुवया रंगवता रंगवता मावशीच्या सगळ्या लकबी. एकदा दिवे तपासायला पेटीत कोणीतरी हवं होतं म्हणून ती आडवी झाली आणि उठून बसली. दिग्दर्शक मॉनिटरकडे बघतच राहिला. तो बडबड्या माणूस, लहानपणी पांघरुणातून कुमारीला बघत मोठा झालेला. तिच्यासमोर तो कधी असा गप्प झाला नव्हता. कुमारीनं ते टिपलं. तेव्हापासून भाचीचं काहीच तिच्या डोळ्यांतून सुटेना. तिची मान लांब होती. ती हसली की मेकअपच्या खोलीत येणारे जाणारे उगीच रेंगाळत. चहा आला की पहिला कप हल्ली तिच्या हातात जाई, आणि ती तो मावशीला देई, हे तर आणखीच झोंबे.

शेवटी दिग्दर्शक पाया पडून सांगायला आला. वर्धापनदिनाच्या भागात प्रेक्षक बोलवायचे, पेटीतून भाची उठणार. ताईंनी बाहेर उभं राहून निरोपाचं भाषण करायचं आणि "ये पोरी" म्हणून तिला उठवायचं. त्या दिवशी दोर टकटकीवर ओढायचा नाही, त्या शब्दांवर ओढायचा. इथून पुढे ताईंचं नाव कफनमाता.

"कुमारीची एकदम माता," ती म्हणाली. "मधलं काहीच नाही का रे?"

तो हसला. तिला हसू आलं नव्हतं. त्याच दिवशी बहिणीचा फोन आला, तुझ्यामुळे पोरीचं सोनं झालं म्हणून. त्यातला 'तुझ्यामुळे' हा शब्द कुमारीला दिवसभर पायात काटा मोडल्यासारखा सलत राहिला.

तिचं दुःख एकाच माणसाला दिसलं. कवटीमंडळाचे अध्यक्ष. कवटीमंडळ म्हणजे तिच्या भक्तांचा संप्रदायच. सभासद होताना कवटीवर हात ठेवून शपथ घ्यायची, पांढरी पावडर फासून टीव्हीसमोर बसायचं आणि कुमारी उठली की सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा. अध्यक्ष पेशानं दातांचे डॉक्टर. तिचे सुळे तेच बनवत आणि पैसे घेत नसत. नव्या कुमारीच्या सुळ्यांचं माप घेऊन ते थेट तिच्याकडे आले आणि दार लावून कुजबुजले, की सुळे असे बनवता येतील की ऐन वेळी निसटून मांडीत पडतील. मंडळ तुमच्या पाठीशी आहे, तुम्ही फक्त मान हलवा.

मोह झाला नाही असं नाही. पण कफनकुमारीला स्वतःचा मान होता.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तिच्यावर जळायचं काम माझं मी करते. ते मला बाहेर द्यायचं नाही."

रंगीत तालमीच्या दिवशी भाची नव्या गाऊनमध्ये आली. रेक्झिनचा, चमचमीत, पाणी पडलं तर ओघळून जाईल असा. तो बघून दिग्दर्शकाला सुचलं, की आता टब आत का ठेवू नये? झाकण उघडताच तिच्या अंगावरून धूर सांडेल, काय दिसेल ते. धूरमामा डोकं खाजवत कुमारीकडे बघू लागले.

"ताईंनीच बंद केलं होतं ते. गाऊन ओला होतो म्हणून."

"आता गाऊनचा प्रश्नच मिटला ना, ताई?" दिग्दर्शक म्हणाला.

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. भाचीसुद्धा, पेटीच्या काठावर बसून, पाय हलवत. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानं साधना गेली असती, आणि हिच्यासमोर गेली असती. शिवाय तिनं मनाशी हिशोब केला, की मी नाही का उठले? भाषण छोटंसं आहे. पोरगी थोडी गुदमरेल, खोकेल, डोळ्यांतून पाणी काढेल, आणि सगळ्यांना कळेल की पेटीतून उठणं म्हणजे लांब मान असणं नव्हे. तिला त्या पोरीचं वाईट करायचं नव्हतं. तिला फक्त तिचा खोकला हवा होता.

"बघा बाबा तुमचं तुम्ही," ती म्हणाली.

तालमीत टब रिकामाच ठेवला होता. ड्राय आइस महाग, तालमीला वापरत नसत.

वर्धापनदिनाला स्टुडिओ भरून गेला. कवटीमंडळ पहिल्या रांगेत, उकाड्यानं पावडर ओघळलेली. भाची पेटीत झोपली, धूरमामांनी गरम पाणी ओतलं, झाकण लागलं. कुमारी पुढे आली आणि टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात.

तिला वाटलं होतं आपल्याला चार वाक्यंही बोलवणार नाहीत. तसं काही झालं नाही. उलट तिला अशी भाषा सुचू लागली की तिची तिलाच मौज वाटली. लिहून दिलेलं भाषण कधीच संपलं. ती पुठ्ठ्याच्या किल्ल्यांबद्दल बोलली, एकदा रबरी कोळी तिच्या केसांत अडकून घरापर्यंत आला होता त्याबद्दल बोलली, लोक हसले, तिनं आणखी एक किस्सा काढला. शेवटच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. "ये पोरी" म्हटलं की हे सगळं बंद होणार होतं. दोन शब्द तिच्या जिभेवर होते आणि तिनं ते खडीसाखरेसारखे चघळत ठेवले.

पेटीतून टकटक आली.

एकामागून एक, भराभर. मध्ये थांबणं नाही, काही नाही. लोक खदखदून हसले. कुमारीच्या मनात पहिला विचार आला तो हा, की बघा, माझी टकटकसुद्धा सुधारायला निघाली! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती पेटीकडे वळून, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "थांब गं, घाई कसली? मेलीच आहेस ना?"

इतका मोठा हशा तिला सबंध कारकिर्दीत मिळाला नव्हता. तो ओसरेपर्यंत ती थांबली. ओसरला तेव्हा पेटी गप्प होती.

त्या शांततेत तिला एकदम आपल्या कानांतले जुने घण ऐकू आले. अशी भराभर टकटक बाई कशासाठी करते, ते जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"ये पोरी," ती म्हणाली. मग ओरडली.

दोर ओढला गेला, झाकण करकरलं, धूर काठावरून सांडला. आतून कोणी उठलं नाही. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. कुमारीनं श्वास रोखला, कमरेपर्यंत पेटीत वाकली आणि भाचीच्या काखेत हात घालून तिला वर ओढलं. रेक्झिन हातातून निसटत होतं. पोरीची मान, ती लांब मान, तिच्या खांद्यावर लोळली.

"मामा, पंखे," ती म्हणाली.

प्रेक्षक हसले. धूरमामा हसले नाहीत. या स्टुडिओत कफनकुमारी पंखे लावायला सांगते आहे म्हणजे हे नाटक नव्हे, एवढं त्यांना कळलं. त्यांनी सगळी बटणं एकदम खाली दाबली. धूर उडाला, केस उडाले, पुठ्ठ्याचा चंद्र भिंतीवरून निखळून पडला. कुमारी भाचीला छातीशी धरून तिच्या गालावर चापट्या मारत होती आणि कवटीमंडळ उभं राहून बघत होतं.

आणि पोरीनं श्वास घेतला. लांबलचक, खालून वर ओढून काढलेला, मध्ये अडकलेला. जसा असतो तसाच. मग खोकली. मग डोळे उघडून तिनं समोरचा चेहरा ओळखला.

"मावशी..." एक श्वास. "अजून..." आणखी एक. "बोलतेस?"

टाळ्यांनी छत खाली यायचं बाकी राहिलं.

चित्रण संपल्यावर डॉक्टर अध्यक्षांनी भाचीची नाडी बघितली, आणि नाडी सोडायच्या आधी तिच्या हातावर कपाळ टेकवलं. दिग्दर्शक म्हणाला, इतकी वर्षं लोक तो श्वास शोधतायत, हिनं पहिल्याच दिवशी आणला कुठून? कुमारीनं त्याला खोलीबाहेर काढलं, खिडकी सताड उघडली आणि भाचीला म्हणाली, "तोंड उघड." सुळे घट्ट बसले होते. डॉक्टरांनी काम चोख केलं होतं.

सुळे निघाल्यावर भाचीनं विचारलं.

"तुझाही असाच आला होता ना गं? पहिल्यांदा?"

कुमारीनं सुळे पाण्याच्या पेल्यात टाकले. कापूस घेऊन ती पोरीच्या गालावरची पावडर पुसू लागली. खाली खरा रंग परत येत होता. तिनं तो नीट, दोन्ही गालांवर, तपासून बघितला. मग दार उघडून धूरमामांना हाक मारली.

"मामा, उद्यापासून टब बाहेर. आणि पेटीच्या तळाला भोकं पाडा. चांगली मोठी."

"गाऊन ओला होतो म्हणून का?"

"नाही. माणूस मरतं म्हणून."

मामांच्या मागे दिग्दर्शक उभा होता. त्यानं तोंड उघडलं आणि परत मिटलं. तिच्यासमोर तो पहिल्यांदाच गप्प झाला होता.

ती परत येऊन पोरीच्या भुवया पुसू लागली. बाहेर जिन्यावरून कवटीमंडळ घरी चाललं होतं आणि जाता जाता सगळे मिळून श्वास घेत होते. कुमारीचा हात थांबला. श्वास, मग खोकला. नवीन होता तो. तिच्या श्वासात खोकला कधीच नव्हता.

"मावशी, डोळ्यात जातंय," भाची म्हणाली.

"जाऊ दे," कफनमाता म्हणाली, आणि कापूस जरा हळू फिरवू लागली.