कबूसवरचा निळा बावटा

बोर्डाची नोटीस घेऊन डॅरेल व्हीज आला तेव्हा मी परसातल्या कबूसच्या, म्हणजे जुन्या रेल्वेडब्याच्या, टपावर बसून डांबर फासत होते. त्याने खालूनच कागद हलवून दाखवला. हात भरलेत, तूच वाच, असं मी सांगितलं. त्याने वाचलं: राहत्या आवारात रस्त्यावर न चालणारं, अर्धवट अवस्थेतलं वाहन ठेवायला मनाई आहे; साठ दिवसांत हलवावं, न हलवल्यास बोर्ड हलवेल. मी म्हटलं, हे रस्त्यावर कधीच चालत नव्हतं, हे रुळांवर चालायचं. डॅरेल हसला नाही. तो गावच्या बोर्डाचा अध्यक्ष आहे, त्याची धान्याची कोठारं आहेत, आणि त्याच्या घराण्यातलं कुणी कधी रेल्वेत नव्हतं. आमच्या टोबिन जंक्शनमध्ये हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण बाकी जवळजवळ प्रत्येक घरातून कुणी ना कुणी जेवणाचा डबा घेऊन यार्डात गेलेलं आहे.

"चाकं काढा, काँक्रीटवर बसवा," डॅरेल म्हणाला. "मग मी त्याला शेड म्हणून परवानगी मिळवून देतो, मिसेस कुचेरा. तुमच्यासाठी एवढं करतो."

"तू तुझ्या ट्रॅक्टरची चाकं काढ आणि त्याला खुराडं म्हण," मी म्हटलं. "मग माझ्याकडे ये."

तो नोटीस पायरीवर दगडाखाली ठेवून गेला. गावाची शोभा जाते, असंही जाता जाता म्हणाला. गावाच्या वेशीवर जो स्वागताचा फलक आहे, त्यावर शोभेला आगगाडीच रंगवलेली आहे. तो फलक डॅरेलनेच लावून घेतलाय.

कबूस म्हणजे मालगाडीच्या शेवटी जोडलेला गार्डाचा डबा. आता गाड्यांना तो नसतो. शेवटच्या वाघिणीला एक लुकलुकणारी पेटी लटकवतात आणि काम भागवतात. माझा नवरा एमिल चौतीस वर्षं यार्डात डबे दुरुस्त करायचा. कबूसमध्ये बसायचा मान गार्डांचा. ती माणसं आत शेगडीपाशी कॉफी घेत बसायची, टपावरच्या काचेच्या माडीत चढून पुढची अख्खी गाडी न्याहाळायची, आणि एमिल नोव्हेंबरच्या वाऱ्यात पाठीखाली पोतं घालून त्यांच्या चाकांशी झगडत पडलेला असायचा. एकदाही त्याला कुणी आत बस म्हटलं नाही, आणि तो आपणहून बसणाऱ्यांतला नव्हता.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने भंगारातून हा कबूस उचलला. यार्डातला त्याचा सोबती रोली ह्रुश्का याने आपल्या क्रेनने तो आमच्या परसात, दोन रुळांच्या तुकड्यांवर आणून बसवला. खिडक्या फुटलेल्या, जमीन कुजलेली, शेगडीत रकूनने घर केलेलं. मी म्हटलं, हे काय आणलंस रे?

"आर्डिथ, चौतीस वर्षं मी याच्या पोटाखाली काढली," तो म्हणाला. "आता एकदा वर बसायचंय. माडीत समोरासमोर दोन खुर्च्या आहेत. एकीवर तू, एकीवर मी. आणि कुणीही हाक मारू दे, खाली उतरायचं नाही."

दोन वर्षं तो त्याच्यामागे लागला. जमिनीला ओकच्या फळ्या घातल्या, शेगडी साफ केली, अर्ध्या खिडक्या बसवल्या. माडीला काचा लागायच्या राहिल्या होत्या तेव्हा, गेल्या वर्षी फेब्रुवारीत, तो गेला. वर बसायचं राहिलं ते राहिलंच. त्याचा मला अजून संताप येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही. डॅरेल आयताच समोर आला.

आता निळ्या बावट्याचं सांगायला हवं. यार्डात डब्याखाली कामाला शिरायचं तर आधी दोन्ही टोकांना निळा बावटा लावायचा. पत्र्याचा असतो, रुळाला चिमट्याने बसतो. तो आहे तोवर डब्याला इंजिन जोडायचं नाही, ढकलायचा नाही, हलवायचा नाही. आणि ज्याने लावला त्यानेच काढायचा, साहेबानेसुद्धा हात लावायचा नाही. एमिल हे परसातही पाळायचा. आमचे रूळ दोन्हीकडे गवतात संपतात, जवळचं इंजिन मैलभर लांब, तरी हा गृहस्थ सकाळी दोन बावटे लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही आणि पाच वाजता स्वतः काढायचा. कोण ढकलणार आहे, चिमण्या का, असं मी चिडवायची.

एकदा जेवण निवत होतं म्हणून मीच ते उपटून आणले आणि टेबलावर ठेवले. एमिल जेवायला बसला नाही. बाहेर गेला, दोन्ही बावटे परत लावले, पाच मिनिटं कबूसखाली जाऊन पडला, मग बाहेर येऊन स्वतःच्या हाताने काढले. त्यानंतर हात धुऊन बसला आणि सूप गार झालंय अशी तक्रार केली. मी कपाळावर हात मारून घेतला.

यंदाच्या वसंतात मी त्याचं काम हाती घेतलं. सव्वीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधलंय, खरवडणं आणि घासणं मला कुणी शिकवायला नको. पण पहिल्या दिवशी पत्रा खरवडायला पातं उचललं आणि हात पुढे जाईना. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग गॅरेजमधून बावटे आणून लावले, तेव्हा हात सुटला. त्या दिवसापासून रोज सकाळी लावायची आणि पाचला काढायची. चिमण्यांनी मला हसावं हे उघडच आहे.

नोटीस आल्यावर मी जास्तच जोर धरला. खिडक्यांना लांबी भरली. जुन्या रंगाचे पापुद्रे काढताना नाकातोंडाला फडकं बांधून बसले, खाली पुन्हा मातकट तांबड्या रंगाचाच थर निघाला तेव्हा रडले आणि पुन्हा बसले. माडीच्या काचा कापून आणल्या, त्यातली एक माझ्या हातून फुटली, दुसरी आणली. ओमाहाहून मुलगी फोनवर म्हणाली की आई, चाकं काढून टाक ना, कशाला वैर घेतेस. मी तिला सांगितलं की मी वैर घेतलेलं नाही, मला आणून दिलंय. साठ दिवसांत काम होणार नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी मी बोर्डाकडे मुदत मागायला गेले नाही.

साठाव्या दिवशी सकाळी नऊला पिवळी क्रेन आमच्या गल्लीत वळली. मागे लांब ट्रेलर, त्याच्या मागे डॅरेलची गाडी. क्रेन रोलीची होती. आसपासच्या गावांत तेवढी एकच आहे हे मला ठाऊक होतं, तरी मला विश्वास बसेना. रोली आणि एमिल एका फळीवर बसून जेवलेली माणसं. रोलीचा डावा पाय यार्डात गुडघ्याखाली गेला तेव्हा त्याला बाहेर ओढून काढलं ते एमिलने. तो त्याच एमिलचा कबूस उचलायला आला होता.

मी ग्रीसचा डबा घेतला आणि कबूसखाली शिरले. त्या दिवशी खाली काही काम होतं असं म्हणाले तर ते खोटं होईल.

खालून मला पाय दिसत होते. डॅरेलचे चकचकीत बूट, आणि रोलीचा एक बूट जमिनीवर नीट, दुसरा जरा ओढत. कुंपणापाशी शेजारपाजारचे म्हातारे जमले होते, सगळे यार्डातले. रोलीने डब्याला एक फेरी मारली. या टोकाशी थांबला, त्या टोकाशी थांबला. मग म्हणाला की हा उचलता येणार नाही.

डॅरेलने विचारलं का. रोलीने बावट्याकडे बोट दाखवलं असणार, कारण डॅरेल म्हणाला की तो पत्रा एमिलचा आहे आणि एमिलला जाऊन सव्वा वर्ष झालं.

"एमिलचा असता तर त्यानेच तो पाचला काढला असता," रोली म्हणाला. "हा आज सकाळी लागलाय. खाली माणूस आहे."

"मग मी काढतो," डॅरेल म्हणाला, आणि त्याचे बूट रुळाकडे वळले.

"डॅरेल," रोली म्हणाला. आवाज चढवला नाही. "माझाही असाच एकाने काढला होता. घाई होती त्याला."

आणि त्याने डाव्या पायाची विजार वर ओढली. मला खालून तो पाय स्पष्ट दिसला, धातूची नळी आणि तिच्यावर चढवलेला लोकरी मोजा. डॅरेलचे बूट होते तिथेच थांबले. वाईट माणूस नाही तो. त्याला फक्त हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग रोली वाकला आणि डब्याखाली डोकावला.

"बावटा कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं.

"काम किती राहिलंय?"

"पुष्कळ. तुला काय करायचंय? तू उचलायला आलायस ना?"

"मी नसतो आलो तर लिंकन शहरातून कुणीतरी आला असता आणि वाकवून नेला असता," तो म्हणाला. "मी म्हटलं, न्यायचाच असेल तर माझ्या हाताने, अलगद. आता तूच खाली पडलीस तर मी काय करणार, बाई." मग म्हणाला, "एकटीनेच करत्येस हे सगळं? एका शब्दाने सांगितलं नाहीस."

कुणाला बोलवायचं मला सुचलंच नव्हतं. दुःखात माणूस इतका आखडतो.

रोलीने क्रेन बंद केली. आपल्या गाडीच्या मागून एक जुना, कडा गंजलेला निळा बावटा काढला आणि माझ्या बावट्याशेजारी रुळाला लावला. चिमट्याचा खट्ट आवाज मला खाली पडल्यापडल्या ऐकू आला. मग बाही वर सारून तो माझ्याशेजारी खाली शिरला आणि माझ्याकडे ग्रीस मागितलं. कुंपणावरून स्वोबोडा म्हातारा घराकडे निघाला, त्याच्यामागे दुसरा. अर्ध्या तासात ते आपापले बावटे घेऊन परत आले. गॅरेजात, कोठीत, कुणाच्या भिंतीवर शोभेला टांगलेले, सगळे निघाले. दुपारपर्यंत आमच्या रुळाला इतके निळे पत्रे लागले होते की डब्याचा जोडहूक दिसेना. प्रत्येकाचा मालक वेगळा, आणि प्रत्येक मालक आत काहीतरी ठोकत होता. मी खसखशीचे कोलाचे, आमच्याकडचे गोड पाव, भाजले, ते पुरले नाहीत.

डॅरेलने बोर्डाकडे दाद मागितली. बाहेरची क्रेन आणायची तर सभासदांची मतं घ्यावी लागतात, आणि पाचांपैकी चौघांचे बाप यार्डात होते. ठराव पुढच्या महिन्यावर गेला, मग त्याच्या पुढच्या.

पण बावटा लावून नुसतं बसता येत नाही, काम करावं लागतं. त्यामुळे ती सगळी म्हातारी माणसं रोज सकाळी यायची आणि पाचला आपापला पत्रा काढून घरी जायची. भांडायची पुष्कळ. तांबड्या रंगाची छटा कोणती यावरून स्वोबोडाने दोन दिवस तोंड फिरवलं होतं. ऑक्टोबरच्या मध्याला एकेकाने आपलं काम संपल्याचं सांगितलं आणि शेवटचा बावटा काढून नेला. फक्त माझे दोन राहिले.

त्याच आठवड्यात मी शेगडी पेटवली. तिच्या वरच्या कठड्यात कॉफीची किटली घट्ट बसते, गाडी धावताना घसरू नये म्हणून तसा केलेला असतो. कप घेऊन मी माडीत चढले आणि माझ्या खुर्चीवर बसले. समोर एमिलची. चारी बाजूंनी काच, पलीकडे मका कापून मोकळी झालेली शेतं, आणि लांब मुख्य मार्गावरून जाणारी मालगाडी, शेपटाला ती लुकलुकणारी पेटी. किती वेळ बसले मला माहीत नाही. छान होतं. तो नव्हता, आणि तरी छान होतं. याचाही मला राग आला.

खालून डॅरेलने हाक मारली. मी उतरले नाही. खिडकी सरकवून तिथूनच काय ते विचारलं.

तो हातात कागद घेऊन उभा होता. कबूस सुरेख झालाय, असं मनापासून म्हणाला. मग म्हणाला की आता हे अर्धवट राहिलेलं नाही, म्हणजे नोटीस लागूच होत नाही. काम पूर्ण झाल्याची सही केली की तो प्रकरण मिटवून टाकेल. कायमचं.

"काम पूर्ण झालेलं नाही," मी म्हटलं.

"काय राहिलंय?"

"एक स्क्रू. समोरच्या खुर्चीचा."

"मग लावून टाका की, मिसेस कुचेरा. मी थांबतो."

"आज नाही."

त्याने रुळाला लावलेल्या माझ्या बावट्याकडे पाहिलं. हात मात्र मागे बांधून घेतले, एवढं तो शिकला होता. "मग नोटीस तशीच राहील," तो म्हणाला.

"राहू दे," मी म्हटलं. "मीही राहणार आहे."

तो गेला. तो स्क्रू माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे आणि तिथेच राहील. तो लावला की काम संपलं, आणि काम संपलं की सकाळी बावटा लावायचं कारण संपलं. पाच वाजेपर्यंत मी वर बसून राहिले. मग खाली उतरले, दोन्ही टोकांचे बावटे माझ्या हाताने काढले आणि उद्यासाठी दाराशी ठेवले.