मुनेकागेंची तहान

आमच्या हिनाझावा गावात शरदातल्या एका सकाळी सगळी दारं बंद असतात आणि देव पाणी मागत फिरतो. त्याला कुणीही पाणी देत नाही.

मी लग्न होऊन या डोंगरात आले, त्या पहिल्याच वर्षी सासूबाईंनी मला दाराआड बसवलं. म्हणाल्या, “बाहेरून ‘पाणी’ ऐकू आलं की ‘नाही’ म्हणायचं. मोठ्याने म्हण. पुटपुटू नकोस.” मी समुद्रकाठची. आमच्याकडे देवाला ताजा मासा देतात, तांदळाची दारू देतात. कुठल्या चिक्कू गावात येऊन पडले, असं मला वाटलं, आणि तोंड आवरत नाही म्हणून मी ते बोलूनही दाखवलं. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला नीट बसवून सगळं सांगितलं.

मुनेकागे म्हणजे केवढा योद्धा! खाली शहरात स्टेशनासमोर त्यांचा घोड्यावरचा पुतळा आहे, त्यांच्या शिरस्त्राणाच्या आकाराची मिठाई मिळते. पुतळ्यातले मुनेकागे जिंकलेले आहेत. शेवटची लढाई हरल्यावर ते रक्तबंबाळ होऊन एकटेच आमच्या गावात आले, ही गोष्ट मिठाईच्या डब्यावर छापत नाहीत. त्यांनी दारोदार पाणी मागितलं. शत्रूच्या भीतीने गावाने दारं लावून घेतली. वरच्या झऱ्याकडे जाताना वाटेतच ते कोसळले आणि कोरड्या घशानेच गेले. मग गावाने त्यांना देव केलं, देऊळ बांधलं. आणि दरवर्षी गावातला एकजण त्यांचं चिलखत घालून पाणी मागतो, गाव नाही म्हणतं, मग सगळे देवळात जाऊन मातीला कपाळ टेकवतात आणि म्हणतात, “आम्ही दिलं नाही.”

“आता द्यायला काय हरकत आहे?” मी विचारलं होतं.

“आता दिलं तर आपल्याला वाटेल, तेव्हाही दिलं होतं,” सासूबाई म्हणाल्या.

चारशे वर्षं आपलं काळं तोंड स्वतःच जपून ठेवणारं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. तेव्हापासून मीही दरवर्षी खणखणीत नाही म्हणत आले.

गेल्या वर्षी चिलखत कुणी घालायचं हे ठरवायला देवळात चिठ्ठ्या पसरल्या, पुजारी ओकुमुरासाननी कागदी झिरमिळ्यांची काठी त्यांच्यावरून फिरवली, आणि झिरमिळीला जी चिठ्ठी चिकटून वर आली ती आमच्या घराची निघाली. मुलगा नागोयाला. घरात पुरुष म्हणजे माझे यजमान इसोजी, वय चौऱ्याहत्तर, हृदय अधू. चिलखत घालणाऱ्याने आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नसतो. नुसतं सोंग चालत नाही, तहान खरी लागते.

“अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय? गोळी घेतली की वरचेवर पाणी प्यायचं.”

“एका दिवसाने काय होतंय?”

“तुम्हाला काही होणार नाही, तुम्ही जाल निघून. मागे मला निस्तरावं लागेल.”

“अगं, देवाने निवडलंय मला.”

“देवाने कसलं? वारा होता त्या दिवशी. कागद कुठेही चिकटतो.”

ते हसले. मग एकदम गंभीर झाले. “तोकिए, एक ऐक. मी दारात पडलो तरी दार उघडायचं नाही. गावात आजवर कुणी उघडलेलं नाही. आपल्या घरापासून सुरुवात नको. बोल, हो म्हण.”

मी हो म्हटलं.

त्या सकाळी मी त्यांच्याबरोबर देवळात गेले. कमानीशी वाकलो, पायऱ्यांच्या कडेकडेने चढलो, मधली वाट देवाची असते. दगडी कुंडाशी मी पळीने हात धुतले, चूळ भरली. त्या दिवशी चिलखतवाल्याला तेवढीही मुभा नाही. ते कुंडापाशी क्षणभर थांबले, पाण्याकडे पाहिलं आणि पुढे गेले. त्यांचे ओठ तेव्हाच पांढरे पडले होते.

ओकुमुरासाननी एकेक पट्टा आवळत चिलखत चढवलं. शेवटी लोखंडी मुखवटा. डोळ्यांखालून गळ्यापर्यंत सगळं झाकणारा, दातावर दात घट्ट आवळलेला, फट म्हणून नाही. मागे लाल दोरीची गाठ मारली, गाठीवर कागदी मोहोर चिकटवली. ती मोहोर परत आल्यावर पुजाऱ्यानेच फोडायची. ओकुमुरासान दोन पावलं मागे सरले आणि कमरेत वाकले. ज्यांचे मोजे मी धुते, ज्यांच्याशी रोज भांडते, त्यांच्यापुढे मीही वाकले. आत इसोजी आहेत हे मला ठाऊक होतं, तरी अंगावर काटा आला.

मी धावत घरी आले आणि दार लावून बसले. आमचं घर सगळ्यांत वरचं, झऱ्याच्या वाटेवरचं, म्हणून आमची पाळी शेवटची. दाराशी झऱ्याच्या पाण्याची बादली भरलेली होती, वर पळी. मुळे धुवायला ठेवलीय, असं मी स्वतःला सांगत होते. मुळे त्या दिवशी घरात नव्हतेच.

खालून एकेक ‘नाही’ वर येऊ लागलं. मध्ये मध्ये नुसतीच शांतता. ती ओसाड घरं. तिथेही थांबून पाणी मागायचं असतं, नाही म्हणायला माणूस नसला तरी. मग शेजारच्या नुइआजींचा चिरका आवाज आला, “नाही!”

मग आमच्या पायरीवर चिलखताची लोखंडी पानं वाजली. दार ठोठावलं गेलं.

“पाणी.”

“नाही,” मी म्हटलं. खणखणीत निघालं नाही, पण निघालं.

आता पावलं वर झऱ्याकडे जायला हवी होती. ती हलली नाहीत. मला फक्त श्वास ऐकू येत होता. मी दोन्ही हातांनी दार धरून ठेवलं. माणसाचा जीव जातोय आणि मी गावाचा शब्द राखतेय, असं मनात आलं. तसंच चारशे वर्षांपूर्वी त्या दारांमागच्या बायकांच्या मनातही आलं असेल का?

“पाणी.”

दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा कधीच मागत नाहीत. आवाज अगदी दमलेला होता, पण त्यात राग नव्हता. मी दार सरकवलं.

समोर ऊन होतं, आणि उन्हात ते उभे होते. मी पळी भरून दोन्ही हातांनी पुढे केली. त्यांनी ती घेतली, वर उचलली, मुखवट्याच्या दातांना टेकवली. बराच वेळ तशीच धरली. मग रिकामी पळी माझ्या हातात दिली आणि ते माझ्यापुढे वाकले. अगदी खाली, शिरस्त्राण माझ्या गुडघ्यांपर्यंत येईल इतके. मग वळून वर गेले.

“तोकिए! अगं काय करून बसलीस!” नुइआजी खिडकीतून ओरडल्या.

देवळात मी पोचले तेव्हा सगळं गाव, म्हणजे होती नव्हती ती म्हातारी माणसं, अंगणात गुडघ्यांवर बसलेली होती. माझ्याकडे कुणी पाहीना. ओकुमुरासाननी मोहोर तपासली, सगळ्यांना दाखवली. शाबूत होती. त्यांनी ती फोडली, गाठ सोडली, मुखवटा काढला. इसोजींचे ओठ फुटून त्यांवर पांढरी साय धरली होती. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, त्यांनी नुसता कुंडाकडे हात केला. ओकुमुरासान पळी भरून घेऊन आले. इसोजी अधाशासारखे प्यायले, ठसका लागला, परत प्यायले.

“तिने दार उघडलं,” कुणीतरी म्हणालं.

इसोजींनी माझ्याकडे पाहिलं. “उघडलंस?”

“तुम्ही दुसऱ्यांदा मागितलंत. मला राहवलं नाही. रागवा, काय करायचं ते करा.”

“मी? अगं, आपल्या दारात माझ्या तोंडून एकदाही शब्द निघाला नाही. जीभ टाळूला चिकटली होती. डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढचं मला हा मुखवटा निघेपर्यंत आठवत नाही.”

“मग पाणी कोण प्यायलं?”

“मी प्यायलो असतो तर आत्ता असं ढोसलं असतं का?”

ओकुमुरासाननी मुखवटा उलटा केला. आतलं कापड बोटांनी चाचपलं. कोरडं होतं. त्यांनी गळपट्टीखाली हात घातला, छातीवरच्या पानांवरून फिरवला. तिथेही ओल नव्हती.

“सांडलं असेल,” मी म्हणाले. मला तेच खरं हवं होतं.

“मी खिडकीतून बघत होते,” नुइआजी हळूच म्हणाल्या. “तुझ्या पायरीवर थेंब पडला नाही.”

ओकुमुरासाननी मुखवटा दोन्ही हातांनी उचलून देवासमोर ठेवला, परत आले आणि आमच्यासारखेच मातीत बसले. एरवी ते उभे राहून सांगतात, आम्ही मागून म्हणतो. आम्ही सगळ्यांनी कपाळ टेकवलं.

“आम्ही दिलं नाही,” ते म्हणाले.

आम्ही म्हणालो, “आम्ही दिलं नाही.”

दरवर्षी ते इथेच संपतं. पण कुणी डोकं वर करेना. इसोजींचा हात मातीतूनच सरकत माझ्या हातावर आला. मग मागून नुइआजींचा चिरका आवाज आला, “एकीने दिलं.”

ओकुमुरासाननी तेच म्हटलं, आणि त्यांच्यामागून अख्खं गाव म्हणालं, “एकीने दिलं.”

मला तेवढं म्हणता आलं नाही. मी मातीत तोंड लपवून रडत होते.