हेल्मेटमधली वाफ

मित्रांनो, नाकावर बसण्याचा मान या जगात दोघांनाच मिळतो, रागाला आणि मला. मी चष्मा आहे. आता जुना झालो. माझी डावी काडी चिकटपट्टीनं जोडलेली आहे आणि अमेरिकेतल्या पार्सिपनी गावात, एका घरात, कपाटाच्या खणात, संपलेल्या बॅटऱ्यांशेजारी मी पडून असतो. खणात काही घडत नाही, म्हणून घडून गेलेलंच आठवत बसतो.

माझा जन्म नागपूरचा. माझे मालक प्रल्हाद इतकी वर्षं अमेरिकेत कंप्युटरचं काम करतात, पण चष्मा मात्र सुट्टीत गावी गेल्यावर ओळखीच्या दुकानातूनच करून आणतात. दुकानदारानं त्यांना विचारलं होतं, काचांवर वाफ न धरणारा लेप लावून देऊ का. प्रल्हाद हसून म्हणाले, चहा पिताना दोन मिनिटं वाफ येते, तेवढ्यासाठी कशाला. मलाही ते पटलं. नव्या वयात आपल्याला कशाची गरज आहे असं वाटतच नाही.

सात वर्षं मी त्यांच्या नाकावर काढली. त्यांचा नंबर मोठा, माझ्याशिवाय त्यांना समोरचा माणूसही ओळखू येत नसे. त्यांच्याबरोबर मी मीटिंगा पाहिल्या, बिलं वाचली, आणि सगळ्यात जास्त पाहिली ती रुही. रुही त्यांची एकुलती एक मुलगी. ती फुटबॉल खेळायची. तिचा पहिला गोल झाला तेव्हा प्रल्हादांनी मला काढून शर्टाच्या टोकानं पुसलं, डोळे पुसायचे मात्र राहिले. सतराव्या वर्षी ती शाळेच्या संघात सगळ्यांत पुढे खेळत होती. वसंतात एका कॉलेजचे कोच, तिला आपल्या संघात घ्यायचं का ते ठरवायला, तिचा खेळ बघायला येणार होते. घरात तेव्हा दुसरा विषय नव्हता.

त्या फेब्रुवारीत ओळखीची सात-आठ मराठी कुटुंबं मिळून व्हरमाँटला गेली. तिथे स्नोमोबिल चालवायची होती. स्नोमोबिल म्हणजे बर्फावरून घसरत पळणारी मोटरसायकलच समजा. सकाळी प्रल्हादांची कानटोपी सापडेना, तिच्या शोधात वीस मिनिटं गेली आणि सगळे हॉटेलच्या दारात ताटकळले. प्रल्हादांना फार ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं सॉरी म्हटलं.

वाट दाखवणाऱ्या बाईंनी निघण्याआधी नीट समजावलं. हेल्मेटच्या आत नाकावर बसणारा एक पडदा असतो, तो श्वासाची वाफ खाली ढकलतो, तो काढू नका. खालचं हवेचं भोक बंद करू नका. तोंडावर मफलर गुंडाळू नका, वाफ वर चढून चष्म्यावर बसते. आणि दिसेनासं झालं, तर डावा हात उंच करा, अख्खी रांग थांबेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. सूचनांना मान डोलावण्यात आपली माणसं पटाईत.

पण थंडी कानातूनच शिरते यावर प्रल्हादांची गाढ श्रद्धा. त्यांनी कानटोपी घातली, मफलर नाकापर्यंत गुंडाळला, आणि मग हेल्मेट बसेना म्हणून तो पडदा हळूच काढून खिशात टाकला. रुही त्यांच्या मागच्या सीटवर बसली आणि तिनं त्यांच्या कमरेला घट्ट धरलं.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग त्यांचा प्रत्येक श्वास मफलरमधून वर येऊन माझ्या अंगावर बसू लागला. काचा पांढऱ्या झाल्या, पुढे ती वाफ गोठली. मित्रांनो, ज्याचं काम दाखवायचं, तोच आड आला. मला स्वतःला पुसता आलं असतं तर! पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा अंधुक दिसत होता. प्रल्हादांचा डावा हात दांड्यावरून सुटला, थोडा वर गेला आणि परत खाली आला. असं दोनदा झालं.

वळणावर लाल दिवाही दिसेनासा झाला. पुढची गाडी वळली, आम्ही सरळ गेलो. प्रल्हाद भुसभुशीत बर्फात पडले. गाडी कलंडली आणि रुहीचा पाय तिच्याखाली आला.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. निदान वर्षभर मैदान नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि कोचचं येणंही कॅन्सल झालं. भेटायला आलेले सगळे म्हणत होते, नशीब वाईट. प्रल्हाद प्रत्येकाला एकच सांगत, चष्म्यानं घात केला. मी त्यांच्याच नाकावर बसून ते ऐकत होतो.

एका दुपारी ते रुहीच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसले होते. ती बराच वेळ छताकडे बघत होती.

"बाबा, तुला दिसत होतं?"

"नाही."

"मग हात का नाही वर केलास? शी टोल्ड अस."

"मागे सगळे होते ना, बेटा. सकाळीच आपल्यामुळे लेट झालं होतं. परत आपल्यामुळेच सगळी लाइन थांबली असती."

रुही रागावली नाही. ती हळूच म्हणाली, "मी पण मागेच होते, बाबा."

पिशवीतला बर्फ वितळून सोफा ओला झाला तरी प्रल्हाद तसेच बसून होते. त्यानंतर मात्र चष्म्यानं घात केला असं ते कुणालाच म्हणाले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांचा नवा चष्मा आला, वाफ न धरणारा, आणि मी खणात आलो.

मित्रांनो, माझ्या भावंडांना मऊ फडक्यानं पुसा, लेप लावून घ्या, हेल्मेटमधला पडदा जागेवर राहू द्या. एवढं करूनही कधी दिसेनासं झालं, तर थांबा. मागच्यांना खुशाल खोळंबू द्या. ती माणसं दहा मिनिटं कुरकुरतील आणि संध्याकाळी विसरून जातील. रुही अजून जिना एकेक पायरी थांबत उतरते. खण बंद असला तरी मला ते ऐकू येतं.