दीड ते चार

टेबलावर एकशे सदतीस चष्मे होते. एकोणीस चष्म्यांची एक काडी गेलेली, आठांची एक काच. उरले एकशे दहा, त्यांतले दोन लहान मुलांचे. एका चष्म्याच्या नाकावरच्या जोडाला कोणीतरी काळा दोरा गुंडाळला होता. त्याचे वेढे बत्तीस भरले. ते मोजायची काही गरज नव्हती, पण तिने मोजले.

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. ऑफिसात तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

लोकांनी वापरून टाकलेले चष्मे संस्था गोळा करायची. ते धुवायचे, यंत्राखाली धरून नंबर काढायचा, पाकिटात घालायचे आणि ज्यांना नवा चष्मा परवडत नाही त्यांच्याकडे पाठवायचे. नंबर काढायचं काम नऊ वर्षं तिच्याकडे होतं. म्हणून ती नंबरबाई. तोंडावरसुद्धा.

बाकीचे साडेदहाला यायचे. ती आठला यायची, दीडला घरी जायची आणि चारला परत. नियमांच्या कागदावर याला 'लवचीक वेळ' म्हटलं होतं. ऑफिसात सगळे 'रबर' म्हणायचे. माणसं सहा, आणि चष्मे द्यायला लोक यायचे ते नेमके दुपारी. म्हणून रबर एका वेळी एकालाच, असा मॅडमांचा नियम. गेली दोन वर्षं ते तिच्याकडे होतं, कारण तिची आई घरी अंथरुणाला खिळलेली होती.

आईला जाऊन एक्कावन्न दिवस झाले होते. ऑफिसात हे कोणालाच माहीत नव्हतं.

लपवायचं असं काही तिने ठरवलं नव्हतं. घरी आजारपण आहे एवढंच कळवून ती तीन दिवस रजेवर होती. भाऊ आला, दोन दिवस राहिला, गेला. चौथ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा सांगायचं अगदी ओठांवर होतं. मॅडम जिन्यातच भेटल्या. "काय गं, आई कशा आहेत?" तिच्या तोंडून निघालं, "झोपलीये." "झोपू दे. झोपेसारखं औषध नाही," असं म्हणत मॅडम वाजणारा फोन घ्यायला वर धावल्या. पुढे दीड वाजला आणि पाय आपोआप उठले.

तेव्हापासून रोज तेच. एक वाजून बावन्न मिनिटांनी ती कुलूप उघडायची. भांडंभर पाणी प्यायची. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसायची. तीन अडतीसला उठायची. मधली एकशे सहा मिनिटं कशी जायची हे तिला सांगता आलं नसतं. रडू येत नव्हतं. झोपही लागत नव्हती. पेपरवाल्याला नको म्हणून सांगायचं राहून गेलं होतं. कोपऱ्यात एक्कावन्न पेपर घडी न मोडता पडले होते.

आई होती तेव्हा ती वेळ पेपर वाचायची होती. "या चष्म्यातून मला ओ की ठो दिसत नाही," आई म्हणायची. "नंबर चुकवलाय मेल्याने. तूच वाच." ती आपली पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत सगळं वाचून दाखवायची. कंटाळून मध्येच एखादी ओळ गाळली, की आईचं बोट वर व्हायचं, "हं, गाळू नकोस." ती दोनदा म्हणाली होती, "आण इकडे, ऑफिसात यंत्रावर तपासते." त्यावर आई चष्मा छातीशी धरायची. "आणि तोवर मी काय घालू? दुसऱ्यांचे हजार चष्मे तपासतेस, तिथे मन लाव." मग तोच चष्मा लावून, बसल्या बसल्या, पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवायची.

पावणेअकराला मॅडमांनी सगळ्यांना दोन पानी फॉर्म वाटला. देणगीदारांना हवा होता. कामातून मिळणारं समाधान, एक ते दहा. लवचीक वेळेचा उपयोग होतो का. शेवटचा प्रश्न फक्त तिच्यासाठी होता : ज्या कारणासाठी सवलत दिली ते कारण अजून लागू आहे का? हो किंवा नाही.

"पाचपर्यंत माझ्या टेबलावर," मॅडम म्हणाल्या.

पाकिटं बांधणारे काका आपला फॉर्म घेऊन तिच्या टेबलाशी आले. वय साठीच्या आसपास, बोलणं सुतळीसारखं लांबलचक.

"ताई, समाधान किती टाकू? नऊ टाकलं तर म्हणतील, याला काही द्यायची गरज नाही. तीन टाकलं तर म्हणतील, घरी बस."

"मी सात टाकते. दर वर्षी."

"म्हणजे पासही आणि रडकंही. हुशार आहात." काका हसले. पण गेले नाहीत. शर्टाच्या खिशातून त्यांनी एक छोटी पिशवी काढली. जाड निळ्या कापडाची, आतून मऊ अस्तर, तोंडाशी नाडी. "ही आईंच्या चष्म्याला. तुम्ही एकदा म्हणाला होतात ना, उशीखाली ठेवतात, ओरखडे पडतील म्हणून. शिवायला घेतली होती केव्हाच. आमचं काम म्हणजे... सावकाश."

तिने पिशवी हातात घेतली. टाके बारीक आणि एकसारखे होते.

"आणखी एक होतं," काका म्हणाले. "रागावू नका. आमच्या मंडळींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना. चालायला शिकवणारी बाई दोनलाच येते, आणि धरायला माणूस लागतो. मुलगी येत होती, तिची रजा संपली. ही दहा पावलं टाकते. अकराव्याला घाबरते आणि मटकन खाली बसते. डॉक्टर म्हणतात, या महिन्यात चालली तर चालली, नाहीतर खुर्ची कायमची. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, रबर एकच आहे." ते घाईने पुढे म्हणाले, "नाही, नाही, आईंचं आधी! आईपुढे काय! मी म्हटलं, आठवड्यातून दोन दुपारी सुटत असतील तर. नसतील तर विषय संपला. पिशवीचा आणि याचा काही संबंध नाही हं, देवाशपथ."

"माहीत आहे," ती म्हणाली.

काका गेले. तिने यंत्राखाली पुढचा चष्मा धरला, नंबर पाहिला, लिहिला. मग पुन्हा पाहिला. चुकीचा लिहिला होता. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. तिने तो खोडला, बरोबर लिहिला, आणि फॉर्म पुढे ओढला. शेवटच्या प्रश्नापुढे 'नाही'वर खूण केली. समाधानापुढे सात लिहिलं. फॉर्म घेऊन ती मॅडमांच्या खोलीत गेली.

मॅडमांनी चाळला. दुसऱ्या पानावर थांबल्या. "चुकून नाहीवर खूण केलीस."

"चुकून नाही. आई गेली."

"अगं..." मॅडम अर्धवट उठल्या. "केव्हा? काल?"

"एक्कावन्न दिवस झाले."

मॅडम पुन्हा बसल्या. "मग रोज दुपारी तू..."

"घरी जात होते."

"घरी काय करत होतीस?"

"बसत होते."

पंखा फिरत होता. मॅडमांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "सांगायचं नाही का गं? आम्ही काय परके होतो?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा झोपलीये म्हणाले. नंतर बदलता येईना." ती पुढे म्हणाली, "काकांना सवलत आजपासूनच द्या. रोजची. दोन दुपारींनी त्यांचं भागणार नाही."

"तुला हवी तर आणखी थोडे दिवस..."

"नको."

दीड वाजला. सवयीने तिचे पाय उठले. ती उभी राहिली आणि परत बसली. काका दारात आले. त्यांना कळलं होतं. हातात डबा, डोळे खाली. "ताई, मी पिशवी दिली आणि... मला काय माहीत..."

"पिशवी छान आहे. जा, बस चुकेल."

"येतो," ते म्हणाले आणि जिना उतरू लागले. अकरा पायऱ्यांपर्यंत त्यांचे पाय ऐकू आले.

सकाळपासून एकतीस चष्मे झाले होते. एकोणऐंशी उरले. काच पुसायची, धरायची, चक्र फिरवायचं, आतल्या हिरव्या रेघा स्वच्छ दिसू लागल्या की थांबायचं, आकडा लिहायचा. दुपारी चौघेजण चष्मे देऊन गेले. तिने त्यांना पावत्या दिल्या आणि आभार मानले. ऑफिसात दुपारी इतकं ऊन येतं, हे तिला माहीत नव्हतं. ते तिच्या टेबलापर्यंत पोचलं, मग सरकलं.

तीन अडतीसला एकशे दहावं पाकीट बंद झालं.

तिने पर्स उघडली. आईचं चष्म्याचं घर एक्कावन्न दिवस तिथेच होतं. आत चष्मा, आणि खाली डोळ्यांच्या डॉक्टरांची घडी घातलेली चिठ्ठी. तिने काचा पुसल्या. आधी उजवी धरली, मग डावी. दोन्ही पुन्हा एकदा धरून पाहिल्या. निळ्या पिशवीत चष्मा ठेवला, नाडी ओढली आणि कोऱ्या पाकिटावर लिहिलं :

चिठ्ठीवर : उजवा अधिक तीन, डावा अधिक सव्वातीन.

यंत्रावर : उजवा अधिक तीन, डावा अधिक सव्वातीन.

ओरखडे नाहीत. फरक शून्य.