टायसनला कोण घेईल?

ग्लेनाला बर्फावरच्या हॉकीतलं काही कळत नाही, असं आम्ही कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. तिच्या कॅफेतलं खिडकीजवळचं लांब टेबल आमचं. सकाळी तिथं जमायचं, कॉफी ढोसायची, कालच्या मॅचची चिरफाड करायची आणि उठताना चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवायचे. हरेल त्यानं सगळ्यांना कॉफी पाजायची. कॅनडातल्या या सास्काचेवानात ज्या गावाला असं टेबल नाही ते गावच नव्हे. आमच्या ब्रायर्लीत त्या टेबलावर आता तिघंच उरलोय. पतपेढीतून निवृत्त झालेला वेंडेल, अजूनही शेती करणारा लॉर्न आणि मी ओरेस्ट. गावच्या रिंकवर, हॉकीच्या त्या बंदिस्त मैदानात, बर्फ धरायचं काम मी जन्मभर केलं, त्यामुळे हॉकीवर माझा शब्द शेवटचा असतो असं मला वाटतं. बाकी दोघांना तसं वाटत नाही.

तर मार्चच्या पहिल्या सोमवारी ग्लेना कॉफीचं भांडं घेऊन आली, तिनं कप भरले आणि जायचं सोडून तिथंच उभी राहिली.

"वेंडेल, ही सॅलरी कॅप म्हणजे नक्की काय भानगड आहे रे?"

लॉर्नचा डोनट तोंडाजवळच थांबला. ही बाई मॅच लागली की आवाज बंद करून रेडिओवर हवामान ऐकणारी. पण वेंडेलला विद्यार्थी मिळाला की तो कारण विचारत नाही. त्यानं शेजारच्या टेबलावरचा ट्रे ओढला आणि त्यावर आमचे कप मांडायला लागला.

"हा ट्रे म्हणजे कॅप. संघातल्या सगळ्यांच्या पगारांची बेरीज लीगनं ठरवलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे कप ट्रेवर मावले पाहिजेत. हा मोठा मग म्हणजे तुझा महागडा खेळाडू. नवा कप हवा असेल तर आधी एक खाली उतरवायचा."

"मग मोठा ट्रे आणा की," लॉर्न म्हणाला.

"तू गप्प बस. सगळ्यांना एकाच मापाचा ट्रे, तीच तर गंमत आहे."

ग्लेना ट्रेकडे बघत राहिली. "आणि तो मोठा मग कुणालाच नको असला तर?"

"तर त्याच्याबरोबर वर काहीतरी द्यायचं. नव्या पोरांपैकी एकाला निवडायचा आपला हक्क द्यायचा, ज्याला पिक म्हणतात. नाहीतर त्याचा निम्मा पगार आपणच भरत राहायचं."

"पोरगी सासरी आणि खर्च माहेरी," मी म्हणालो.

लॉर्न हसला. ग्लेना हसली नाही, आणि तिथंच मला पहिली शंका आली. मी स्वभावानं चौकस आहे. माझी बायको याला भोचक म्हणते.

मंगळवारी ग्लेनानं पुढचा धडा मागितला. एखाद्या खेळाडूच्या करारात 'मला विचारल्याशिवाय दुसरीकडे पाठवायचं नाही' असं लिहिलेलं असलं आणि तो नाहीच म्हणाला, तर क्लब काय करतो? वेंडेलनं सांगितलं की क्लब त्याला रोज गॅलरीत बसवून मॅच बघायला लावतो. शुक्रवारी खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, तोवर त्यानं हो म्हणावं म्हणून दाबतो. एवढं ऐकून ती आत गेली. स्वयंपाकघरातून ताटं बाहेर द्यायच्या चौकोनी खिडकीतून बशांचा आवाज येत राहिला.

मग आमचं नेहमीचं भांडण सुरू झालं. लॉर्नच्या डोक्यात रोज एक नवी अदलाबदल शिजते. आमचे दोन दमलेले म्हातारे द्यायचे आणि समोरच्यांचा सगळ्यात तेज तरणा खेळाडू घ्यायचा, अशी.

"अरे, तुझ्या शेजाऱ्यानं दोन भाकड गाई देऊन तुझा नवा ट्रॅक्टर मागितला तर देशील?" मी विचारलं.

"गाई कुठल्या आहेत त्यावर आहे."

"बघा! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं."

वेंडेल म्हणाला, "खेळाडूची किंमत म्हणजे समोरचा काय द्यायला तयार आहे तेवढीच. प्रेमबिम ट्रेवर मावत नाही."

त्या दिवशी घरी जाताना मी ग्लेनाच्या घरावरून गेलो. बाहेर उणे तीस होतं. तिची गाडी गॅरेजच्या बाहेर उभी होती, इंजिन गोठू नये म्हणून विजेची वायर लावून. आता ज्याच्याकडे गॅरेज आहे तो माणूस अशा थंडीत गाडी बाहेर ठेवतो का? गॅरेजमध्ये दुसरी गाडी असेल तरच. मी गाडीत बसून बराच वेळ त्या बंद दाराकडे बघत बसलो.

बुधवारी ती कॉफी घेऊन आली तेव्हा मी तिच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. तिनं कप भरले, भांडं खाली ठेवलं आणि खुर्ची ओढून चक्क बसली.

"टायसनची किंमत काय आहे आता?"

टायसन ओलेक्सिनबद्दल तिच्यासमोर काय बोलणार? आमच्या गावच्या पोरांच्या संघात खेळायला तो सोळाव्या वर्षी उत्तरेकडून आला. अशी पोरं आईबापांपासून लांब, गावातल्याच कुणाच्या तरी घरी राहतात. टायसन ग्लेनाच्या तळघरात राहिला, तिचा नवरा हयात होता तेव्हा. तिथून तो मोठ्या लीगमध्ये गेला, बचावात खेळून नाव कमावलं, आणि तिला तेव्हापासून मॉमच म्हणत आला. आता तो चौतीस वर्षांचा होता. जानेवारीत त्याचा घोटा मोडला होता, करार अजून एक वर्ष बाकी होता, आणि पगार त्याच्या चांगल्या दिवसांतला.

"चांगला खेळाडू आहे," लॉर्न म्हणाला.

"अनुभवी आहे," वेंडेल म्हणाला.

आम्ही असेच आहोत. कुणाची गाडी बर्फावरून घसरून खड्ड्यात गेली तरी आम्ही तोंडावर म्हणणार, रस्ताच निसरडा होता. खरं बोलायचं ते माणूस दाराबाहेर गेल्यावर.

"असं गुळमुळीत नको," ग्लेना म्हणाली. "रोज माझ्या पाठीमागे बोलता तसं बोला. मी काही रडणार नाही."

वेंडेलनं चष्मा पुसला. मग हळूच मोठा मग उचलून ट्रेच्या मध्यभागी ठेवला.

"फुकट दिला तरी कुणी घेणार नाही, ग्लेना. त्याच्या क्लबला ही जागा मोकळी करायचीय. वर एक पिक द्यावा लागेल, कदाचित दोन. घेणारा एकच आहे, पूर्वेकडचा तो तळाचा संघ. लीगचा नियम असा की फार जास्त खर्च करायचा नाही, तसा फार कमीही करायचा नाही. त्यांचा खर्च कमी पडतोय. त्यांना टायसनचा पगार हवाय. टायसन नकोय."

"म्हणजे पांढरा हत्ती," मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली.

"मग त्यानं काय करावं?" ग्लेनानं विचारलं.

"घरी यावं," वेंडेल म्हणाला. "मान आहे तोवर उठावं."

ग्लेनाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं, हिला हेच ऐकायचं होतं. पण लॉर्ननं टेबलावर हात आपटला.

"उंटावरचे शहाणे दोघं! तुम्ही आकडे बघता, मी मॅच बघतो. त्या तळाच्या संघाची प्रत्येक मॅच बघितलीय मी."

"झोप येत नाही म्हणून," मी म्हणालो.

"असू दे. त्यांच्याकडे एक फिनलंडचा पोरगा आहे, ओन्नी. एकोणीस वर्षांचा, बचावातच खेळतो. काय स्केटिंग करतो! पण घाबरतो. पक, ती रबरी चकती, आली की आधी शेजारी बघतो, आणि शेजारी दर आठवड्याला नवाच माणूस. त्याच्या बाजूला टायसन उभा राहिला ना, तर वर्षभरात पोरगा उभा राहील. याची किंमत लाव तुझ्या ट्रेवर."

"लागत नाही," वेंडेल म्हणाला. "म्हणूनच कुणी मोजत नाही."

"मग तुझा ट्रे चुलीत घाल."

आता दोघं हातघाईवर येणार, एवढ्यात माझ्याच्यानं राहवेना. कालपासून पोटात दाबून ठेवलं होतं.

"ग्लेना, तुझी गाडी बाहेर का असते?"

ती लाल झाली. स्वयंपाकघरातला बशांचा आवाज थांबला. मग झुलतं दार ढकलून, मोडलेल्या घोट्यासाठी देतात तो जाडजूड प्लास्टिकचा बूट एका पायात घालून, हाताला पीठ लागलेला टायसन ओलेक्सिन बाहेर आला. सकाळपासून पेरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या त्या उकडीच्या करंज्या, वळत होता.

लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पांढरा हत्ती म्हणालो होतो मी त्याला.

वेंडेल उभाच राहिला. "टायसन, अरे, मी आपलं... आकड्यांच्या बाजूनं बोलत होतो."

"बसा हो वेंडेल." त्यानं लॉर्नशेजारची खुर्ची ओढली. "मीच मॉमला विचारायला सांगत होतो. मी समोर असतो तर तुम्ही मला हवामान सांगितलं असतं. एजंट म्हणतो, चार संघ मागे लागलेत. क्लब म्हणतो, तुझ्या भल्यासाठीच हो म्हण. खरं कुणी सांगेना. तेव्हा वाटलं, या टेबलावर मिळेल."

"मिळालं का?" मी विचारलं.

"मिळालं." तो हसला, पण हसू काही फार टिकलं नाही. "पिक वर द्यावा लागेल हे माहीत नव्हतं."

ग्लेनानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "वेंडेल म्हणतो तेही ऐकलंस ना? ये घरी. खोली रंगवून ठेवलीय मी." मग आमच्याकडे वळून म्हणाली, "तिकडे कोण आहे त्याचं? लग्न मोडलं, त्या एवढ्या मोठ्या फ्लॅटमध्ये एकटा लंगडत फिरतो." मला भडभडून आलं. गावात अर्धी घरं रिकामी झालीत, कुणी परत येत नाही, आणि हा परत येऊ शकत होता.

टायसन ट्रेवरच्या मगाकडे बघत होता. मग त्यानं लॉर्नला विचारलं, "तो फिनलंडचा पोरगा राहतो कुठं?"

"हॉटेलात. विमानतळाजवळ. मुलाखतीत सांगत होता. इंग्रजी अजून धड येत नाही त्याला. रात्री काय करतोस विचारलं, तर म्हणाला, भिंतीकडे बघतो."

"एकटाच?"

"एकटाच."

टायसन ग्लेनाकडे बघत होता आणि ग्लेना त्याच्याकडे. तिला माझ्या आधी कळलं. तिनं त्याच्या मनगटावरचा हात काढून घेतला आणि एप्रनला पुसला, उगीचच.

त्यानं खिशातून फोन काढला, पिठाच्या बोटांनीच एजंटला लावला. "डॅरेन, मी बोलतोय. त्यांना सांग, हो. नाही, पैशाचं काही नाही. एक काम कर फक्त. माझ्यासाठी तिकडे घर बघ. फ्लॅट नको, घर. तळघर असलेलं. तळघरात खिडकी हवी."

लॉर्न नाक शिंकरत होता. वेंडेलनं मोठा मग ट्रेवरून उचलला आणि टायसनसमोर ठेवला. ट्रेवर त्याची ओली गोल खूण राहिली. ग्लेनानं मग काठोकाठ भरला. एक थेंब सांडला नाही.

"पहिला आठवडा तो पोरगा जेवणार नाही," ती म्हणाली. "मागे लागू नकोस. ताट जिन्याच्या पायरीवर ठेव आणि वर निघून ये. तू खायचास ना, मी गेल्यावर."